एआय एजंटच्या हाती नेटवर्क देताय? आधी टूलचं वर्णन नीट लिहा

टूल निवडताना एआय एजंटला त्यामागचा कोड दिसत नाही. त्याच्यासमोर असतं टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर. म्हणून ‘इंटरफेसचा डेटा देतं’ एवढंच लिहिलं, तर घोटाळा ठरलेला. हे जरूर लिहा:

🔹 एकक: एसएनएमपीचे ट्रॅफिक काउंटर बाइट मोजतात, लिंकचा वेग मात्र बिट प्रति सेकंदात असतो. ८ ने गुणायचं राहिलं की उत्तर आठपट चुकतं.

🔹 अर्थ: काउंटर म्हणजे वेग नव्हे, चढत जाणारा आकडा. दोन नोंदींची वजाबाकी करून मधल्या सेकंदांनी भागायचं. १ गिगाबिटच्या पूर्ण भरलेल्या लिंकवर ३२ बिटी काउंटर सुमारे ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. काउंटर ६४ बिटी असेल, तर तसं सांगा.

🔹 वेळ: यूटीसी की भारतीय? फरक साडेपाच तासांचा आहे.

🔹 रिकामं उत्तर: ट्रॅफिक नव्हताच, की नोंद मिळाली नाही?

🔹 मर्यादा: टूल फक्त वाचतं, की सेटिंगही बदलतं?

सोपी कसोटी: कालच रुजू झालेल्या सहकाऱ्याला हे वर्णन दाखवा. तो जे प्रश्न विचारेल, त्यांची उत्तरं वर्णनात घाला. एजंटही तिथेच अडखळतो!