विलायतेतील फ्लॅट : ऐंशी वर्षांची रेषा

रत्नागिरी-रायगडच्या आपल्या बऱ्याच कुटुंबांची इंग्लंडमध्ये घरे आहेत. तिथे फ्लॅट ‘विकत घेतला’ म्हणजे बहुधा ९९ किंवा १२५ वर्षांचा भाडेपट्टा घेतला. जमीन मूळ मालकाचीच. मुदत जसजशी सरते तसतशी किंमत उतरते आणि बँक कर्ज देताना हात आखडते.

खरी गोम ८० वर्षांत आहे. पट्टा वाढवल्याने फ्लॅटची जी किंमत वाढते, तिचा निम्मा हिस्सा १९९३ च्या कायद्याच्या हिशोबात मालकाला द्यावा लागतो. परंतु शिल्लक मुदत ८० वर्षांहून अधिक असेल तर ही रक्कम धरत नाहीत. मुदत पट्ट्याच्या पहिल्या दिवसापासून मोजावी, आपल्या खरेदीच्या तारखेपासून नव्हे! इथेच पुष्कळजण फसतात.

या कायद्यानुसार आणखी ९० वर्षे मिळतात व जमीनभाडे शून्य होते. मालकाला रीतसर नोटीस द्यावी; उत्तरासाठी त्याला किमान दोन महिने द्यावे लागतात. किंमत नोटिशीच्या तारखेची धरतात, म्हणून पुढे घासाघीस लांबली तरी ८० ची रेषा आड येत नाही. पूर्वी दोन वर्षांच्या मालकीची अट होती; ती ३१ जानेवारी २०२५ पासून उठली.

२०२४ च्या नव्या कायद्यात ९९० वर्षांची वाढ व निम्म्या हिश्श्यातून सुटका आहे, मात्र त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होतात. नोटिशीपूर्वी तिथल्या वकिलाकडून तेवढे तपासून घ्यावे. मालकाचा तोंडी ‘सौदा’ स्वीकारण्याआधी तर नक्कीच. त्यात वर्षेही बहुधा कमीच मिळतात.