शाळेसाठी परदेशी साहाय्य : मार्ग, मर्यादा व पूर्वतयारी



वसमत तालुक्यातील हट्टा आणि आसपासच्या गावांतील शाळांना भेटी देताना एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : "साहेब, परदेशांतील संस्था खेड्यांतील शाळांना साहाय्य देतात असे ऐकतो. आपल्या गावाने अर्ज कोठे करावा?" प्रश्न रास्त आहे. कोठे वाचनालय नाही, कोठे मुलींच्या स्वच्छतागृहास पाणी नाही. तथापि अर्ज कोणी करावयाचा, पैसा कोणी स्वीकारावयाचा आणि त्याचा हिशेब कोणी द्यावयाचा, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे. ह्या बाबतीत अज्ञानाने केलेली चूक शाळेलाच नव्हे, तर शिक्षकालाही अडचणीत आणू शकते.

परदेशी साहाय्य आपल्या भागास अपरिचित नाही. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वी आपण परभणी जिल्ह्यात होतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून जो जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद व परभणी हे तत्कालीन पाच जिल्हे होते. त्या कार्यक्रमात प्रत्येक शिक्षकास शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये आणि शाळेस २,००० रुपये अनुदान मिळत असे. त्या पाचशे रुपयांत पुठ्ठे, खडू, रंग व मणी आणून तक्ते बनविणारे शिक्षक पुष्कळांना आठवत असतील. शेतीच्या क्षेत्रात जागतिक बँकेच्याच साहाय्याने २०१८ मध्ये मान्य झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हिंगोली जिल्ह्याचा समावेश झाला आणि निवडलेल्या गावांत ग्राम कृषी संजीवनी समित्या स्थापन झाल्या.

ह्या उदाहरणांवरून पहिला मार्ग ध्यानात येतो. जागतिक बँकेसारख्या संस्था गावाशी थेट व्यवहार करीत नाहीत. त्यांचा करार केंद्र व राज्य शासनाशी होतो आणि निधी शासकीय योजनेतून खाली येतो. येथे गावाने परदेशी अर्ज करावयाचा नसतो. योजनेच्या नियमांनुसार आपली मागणी वेळेवर नोंदवावयाची असते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीवर शाळा विकास आराखडा तयार करण्याची जबाबदारी टाकली आहे. तो आराखडा केवळ तपासणीसाठी भरलेला कागद असेल, तर योजना येते तेव्हा दाखविण्यास आपल्या हाती काहीच नसते.

दुसरा मार्ग नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांचा. ह्या ठिकाणी परदेशी अभिदाय विनियमन अधिनियम, २०१० हा कायदा लागू होतो. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेस केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी आवश्यक असते. त्यासाठी संस्था किमान ३ वर्षे जुनी असावी लागते आणि तिने मागील ३ वर्षांत आपल्या मूळ कार्यावर किमान १५ लक्ष रुपये खर्च केलेले असावे लागतात. नव्या संस्थेस विशिष्ट दात्याकडून विशिष्ट कामासाठी पूर्वपरवानगी मागता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांहून अधिक करता येत नाही. आणि मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या कोणासही हस्तांतरित करता येत नाही.

ह्या शेवटच्या अटीचा अर्थ नीट समजून घ्यावा. आपली शाळा व्यवस्थापन समिती ही अशी नोंदणीकृत संस्था नव्हे. यास्तव ती परदेशी देणगी स्वतः घेऊ शकत नाही आणि एखादी पात्र संस्था तो पैसा आपल्या समितीच्या खात्यात वळवूही शकत नाही. संस्थेने काम स्वतः करावयाचे, पुस्तके स्वतः खरेदी करावयाची आणि शाळेस वस्तुरूपाने द्यावयाची, हीच योग्य रीत होय. इमारत वा आवार जिल्हा परिषदेचे असल्याने बांधकामास परिषदेची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या स्वतःविषयीची आहे. ह्याच कायद्याचे कलम ३ लोकसेवक व शासकीय सेवक ह्यांना परदेशी देणगी स्वीकारण्यास मनाई करते. शाळेच्या कामासाठी का होईना, शिक्षकाने ती आपल्या खात्यात घेऊ नये.

तिसरा मार्ग गावच्या परदेशस्थ लेकरांचा. येथे सूक्ष्म भेद आहे. परदेशी नोकरी करणारा, परंतु भारतीय नागरिकत्व कायम असलेला मनुष्य आपल्या स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकव्यवहाराने पैसे पाठवील, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र ती परदेशी देणगी ठरते. तो मूळचा आपल्याच गावचा असला तरीही.

माझ्या पाहण्यातील एका शाळेची गोष्ट सांगतो. तेथील एका माजी विद्यार्थ्याने अमेरिकेहून वाचनालयासाठी रक्कम देऊ केली. मुख्याध्यापक सज्जन व उत्साही. त्यांनी सोयीचे म्हणून स्वतःचाच खातेक्रमांक कळविला. दाता अमेरिकेचा नागरिक झाला आहे, हे एका पालकाच्या सहज बोलण्यातून मला समजले. रक्कम निघण्यापूर्वी ती थांबविता आली, म्हणून पुढील अनर्थ टळला. पुढे पात्र संस्था शोधून पुस्तके येईपर्यंत दोन वर्षे गेली. पहिल्याच दिवशी कोणी "आपले नागरिकत्व कोणते?" एवढे विचारले असते, तर त्या दोन वर्षांतील मुले पुस्तकांवाचून चौथी ओलांडून गेली नसती.

रोटरीसारख्या सेवासंस्थांचाही मार्ग आहे. रोटरी फाउंडेशनच्या जागतिक अनुदानासाठी येथील एक क्लब व अन्य देशातील एक क्लब मिळून प्रस्ताव करतात आणि प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो. एका छोट्या शाळेस ही रक्कम मोठी. परंतु परिसरातील आठ-दहा शाळांची पाण्याची वा वाचनालयाची गरज एकत्र मांडल्यास असा प्रस्ताव शक्य होतो. जपान सरकारही तृणमूल स्तरावरील अनुदानयोजनेतून पात्र संस्थांच्या शाळा-आरोग्यविषयक कामांना साहाय्य देते. तथापि वेतनासारखा आवर्ती खर्च त्यातून भागविता येत नाही.

दाता कोणीही असो, तो काय पाहतो? ह्याचा चांगला धडा १९९० च्या दशकातील भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाने दिला. जर्मन सरकारचा निधी नाबार्डमार्फत महाराष्ट्रातील गावांपर्यंत गेला, पण त्याआधी गावाला चराईबंदी व कुऱ्हाडबंदी मान्य करावी लागे आणि श्रमदानाचा वाटा उचलावा लागे. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे त्यातले प्रसिद्ध गाव. ज्या कामात गावाचा घाम आहे, ते काम गाव राखते, हे दात्यांनी तेथे ओळखले होते.

म्हणून पूर्वतयारी पुढीलप्रमाणे करावी.

१. गरज आकड्यांत लिहावी. "शाळा गरीब आहे" ह्या वाक्याने कोणाचेही समाधान होत नाही. मुली किती, स्वच्छतागृहे किती, पाणी वर्षातील किती महिने मिळते आणि त्यामुळे गैरहजेरी किती, हे हजेरीपटावरून मांडावे.

२. समितीच्या सभेत पालकांसमक्ष ठराव करावा आणि त्यात गावाचा वाटा नमूद करावा. तो रोख असो, श्रमदान असो वा वाळू-विटांच्या रूपाने असो.

३. काम झाल्यावर त्याची निगा कोण राखील आणि तो खर्च कोठून येईल, हे आधीच ठरवावे.

४. खर्चाचा अंदाज दोन-तीन दरपत्रकांवरून करावा.

५. इतिवृत्त, रोकडवही व जडसंग्रह नोंदवही अद्ययावत ठेवावी. पाहुणा हाच कागद प्रथम मागतो.

६. संस्थेशी बोलण्यापूर्वी तिचे नोंदणीपत्र व चालू मुदत पाहावी; ही नोंदणी ५ वर्षांची असते. पत्रव्यवहार केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी ह्यांच्यामार्फतच करावा.

परदेशी ओंजळ कायमची नसते, हेही विसरू नये. ब्रिटनचे आंतरराष्ट्रीय विकास खाते २०२० मध्ये परराष्ट्र खात्यात विलीन झाले. अमेरिकेची १९६१ पासून चालत आलेली यूएसएड ही संस्था १ जुलै २०२५ रोजी बंद झाली आणि तिच्यावर विसंबलेली अनेक देशांतील कामे एकाएकी थांबली. जी शाळा दात्याच्या पैशावर रोजचे काम चालवील, तिची गत तीच होईल. मोटार, टाकी, कपाट, पुस्तके अशा एकवेळच्या गोष्टींसाठी साहाय्य मागावे. रोजचे शिकविणे मात्र आपल्या बळावर चालले पाहिजे.

पुढील मासिक शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपल्या एकाच, पण सर्वांत निकडीच्या गरजेचे एक पानी टिपण वरील क्रमाने लिहून आणावे, अशी माझी विनंती आहे. त्यातील पुष्कळ गरजा परदेशापर्यंत जाण्याआधीच ग्रामपंचायतीत वा गावच्या चावडीवर भागतील. ज्या उरतील, त्यांसाठी योग्य संस्थेचे दार आपण सर्वजण मिळून, नियमाने व ताठ मानेने ठोठावू.