मांजराला अंघोळ घालावी का?

पुण्यात पेठेतल्या वाड्यात मांजर असायचं, पण त्याला कुणी बाथरूममध्ये नेत नसे. आता कोथरूड-बाणेरच्या फ्लॅटमध्ये लांब केसांची पर्शियन मांजरं आली आहेत. 2022 मध्ये पुणे महापालिकेने पाळीव मांजरांचीही नोंदणी करण्याचा निर्णय घेतला. कुत्र्याबरोबर मांजरालाही रविवारी शाम्पू लावणारी घरं वाढली, आणि ‘मांजर भिजलं की दगावतं’ म्हणणारी आजीही त्याच घरात असते. आजीचं आणि शाम्पू लावणाऱ्या नातवाचं, दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं आहे.

‘मांजर स्वतःला चाटून स्वच्छ राहतं, त्याला पाणी कधीच लागत नाही’

आखूड केसांच्या, घरातच राहणाऱ्या, तब्येतीने ठणठणीत मांजराच्या बाबतीत हे जवळजवळ खरं आहे. मांजराच्या जिभेवर केराटिनचे बारीक काटे असतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेच्या ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी 2018 मध्ये दाखवून दिलं, की या काट्यांची टोकं पोकळ असतात. त्यांत लाळ भरून येते आणि चाटताना ती थेट केसांच्या मुळापर्यंत पोचते. वाघापासून घरच्या मांजरापर्यंत हीच रचना आहे. अपवाद निघाला तो पर्शियनचा. त्याचा कोट इतका दाट आणि लांब, की काटे कातडीपर्यंत पोचतच नाहीत.

म्हणून पर्शियनला आपली मदत लागते, पण ती आधी कंगव्याची आणि मग पाण्याची. गुंता झालेला कोट तसाच भिजवला तर गाठी आणखी आवळतात, कातडी ओढली जाते, आणि शेवटी डॉक्टरांकडे नेऊन केस भादरावे लागतात. रोज विंचरलेल्या पर्शियनला महिना-दीड महिन्याने एकदा अंघोळ पुरते. डोळ्यांखालचे डाग मात्र रोज ओल्या कापसाने पुसावेत.

‘बेबी शाम्पू सौम्य असतो, जंतुनाशकाचे दोन थेंब टाकले की उत्तम’

हा सगळ्यांत घातक गैरसमज, म्हणून यावर थोडं जास्त लिहिते. अंगावर राहिलेलं सगळं मांजर नंतर चाटतं. म्हणजे जे आपण त्याच्या केसांना लावतो, ते त्याच्या पोटात जातं. फिनॉलसारखी रसायनं शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात जी प्रक्रिया लागते, ती मांजरात फार दुबळी असते. माणसाला आणि कुत्र्याला चालणारं पुष्कळसं त्याला विषारी ठरतं, ते याच कारणाने. क्लोरोझायलेनॉल असलेलं जंतुनाशक, फिनेल, टी ट्री ऑइल यांतलं काहीही अंघोळीच्या पाण्यात नको. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांच्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन असतं. ते मांजराला लावलं तर थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. दुकानदार ‘दोघांना चालतं’ म्हणाला तरी बाटलीवर मांजराचं नाव स्पष्ट छापलेलं असल्याशिवाय घेऊ नका.

बेबी शाम्पू विषारी नाही, पण तो माणसाच्या कातडीसाठी बनवलेला असतो. वारंवार वापरला तर मांजराची कातडी कोरडी पडते. मांजरांसाठीचाच, बिनवासाचा शाम्पू घ्यावा आणि फेस पूर्ण निघेपर्यंत धुवावं.

‘पिसवा झाल्या? अंघोळ घाला’

अंघोळीने अंगावरच्या काही पिसवा जातात, पण अंडी आणि अळ्या बहुतांशी गादीत, सोफ्यात, गालिच्यात असतात. अंथरूण गरम पाण्यात धुणं, घर झाडून काढणं आणि डॉक्टरांनी दिलेलं मानेवर टाकायचं औषध, हाच उपाय. ते औषध टाकण्याच्या दोन दिवस आधी आणि नंतर अंघोळ घालायची नाही, नाहीतर ते नीट लागू पडत नाही.

‘मांजराचे केस पोटात गेले की दमा होतो, अंघोळीने हे टळतं’

त्रास केसांमुळे होत नाही. तो मुख्यतः लाळेतल्या आणि कातडीच्या ग्रंथींतल्या ‘फेल डी 1’ या प्रथिनामुळे होतो. धुतल्यावर ते कमी होतं, पण काही दिवसांतच पूर्वीइतकं होतं. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या झोपण्याच्या खोलीत मांजराला न येऊ देणं, हे दर आठवड्याच्या अंघोळीपेक्षा उपयोगाचं.

‘घरात वास येतो, म्हणजे मांजर घाण आहे’

2025 च्या फेब्रुवारीत हडपसरच्या एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये 300 हून अधिक मांजरं आढळली. शेजाऱ्यांच्या दुर्गंधीच्या तक्रारींवरून यंत्रणा तिथे पोचल्या होत्या. एवढ्या मांजरांना कितीही धुतलं असतं तरी तो वास गेला नसता, कारण घराला येणारा वास बहुतेक वेळा लघवीचा असतो. एका मांजराच्या घरातही लिटरचा ट्रे दिवसातून दोनदा साफ केला, की तक्रार सहसा मिटते.

मग अंघोळ घालायची कधी? रंगपंचमीला कुणी रंग टाकला, पार्किंगमध्ये स्कूटरखाली बसून ऑइल लागलं, जुलाबाने मागचा भाग बरबटला, किंवा गजकर्णासाठी डॉक्टरांनी औषधी शाम्पू सांगितला, तेव्हा. ऑइल-ग्रीसवर रॉकेल कधीही लावू नका. आधी खाण्याचं तेल चोळून ते सैल करा, मग शाम्पूने धुवा. रंग किंवा ऑइल चाटलं असेल तर आधी डॉक्टरांना फोन.

अंघोळीआधी नखं कापा, केस विंचरा, खिडकी-दार बंद करा. टबच्या तळाशी ओला टॉवेल अंथरा, म्हणजे पाय घसरत नाहीत. मांजर बिथरतं ते बहुधा घसरण्यामुळे आणि शॉवरच्या आवाजामुळे. पाणी कोमट, पोटाला लागेल इतकंच. तांब्याने मानेपासून मागे हळू ओतायचं. तोंड फक्त ओल्या फडक्याने पुसायचं, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हे टाळावं. दुपारी, ऊन आलेल्या खोलीत, टॉवेलने पूर्ण कोरडं करावं. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू आणि नसबंदीचे टाके असलेलं मांजर यांना भिजवू नये.

आणि एक प्रश्न पाण्याआधी विचारावा: हे मांजर आता मळकं का दिसायला लागलं? दहा-बारा वर्षांचं मांजर चाटणं कमी करतं तेव्हा बऱ्याचदा सांधे किंवा दात दुखत असतात. फार लठ्ठ मांजराची जीभ कमरेपर्यंत पोचत नाही आणि तिथेच कोंडा साचतो. अशा मांजराला शाम्पू लावण्याआधी डॉक्टरांकडून त्याचं तोंड, वजन आणि मागचे पाय तपासून घ्या.