ओसाड गिरण्या आणि कृष्णधवल छायाचित्रे

मुंबईच्या गिरणगावातील बंद गिरण्या छायाचित्रकारांना मोह घालतात. भिंतीतून उगवलेला पिंपळ, यंत्रे भंगारात गेल्यावर उघडे पडलेले साचेखाते ही दृश्ये रंगांवाचून अधिकच गंभीर भासतात, हे नाकारण्याचे कारण नाही. गिरण्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी असत व त्यांच्या काचा उत्तरेकडे ठेवीत. थेट ऊन न येता साच्यावरील कामगाराला तुटलेला धागा दिसावा, हा हेतू. धागा गेला, कामगारही गेला. तो सौम्य उजेड आता कॅमेऱ्याच्या उपयोगी पडतो!

तथापि कृष्णधवल चित्रात एक फसगत संभवते. रंग काढून घेतला की कालपरवाची गोष्ट पणजोबांच्या काळची वाटू लागते. पडझड ही काळाचीच करणी, मग दोष कुणाला द्यावा, अशी समजूत प्रेक्षक नकळत करून घेतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. यंत्रसामग्री त्यापूर्वीच जुनाट झाली होती, यंत्रमागांची स्पर्धा वाढली होती. पुढे कापडाच्या नफ्यापेक्षा जमिनीचा भाव वरचढ ठरला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची मोकळी जागा, सार्वजनिक गृहनिर्माण आणि मालक यांत ढोबळमानाने तिहेरी वाटणी ठरविली; २००१ च्या दुरुस्तीने ती केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. या ओसाडपणाला अशा तारखा आहेत.

यंत्राची झीज हिशेबात ‘घसारा’ म्हणून दाखविली जाते. कामगाराच्या झिजेला ताळेबंदात रकाना नाही, आणि रिकाम्या खात्याच्या चित्रातही ती दिसत नाही.

जर्मनीतील बेर्न्ट व हिला बेशर यांनी १९५९ पासून झोतभट्ट्या, पाण्याच्या टाक्या, खाणींवरील मनोरे ढगाळ आभाळाखाली एकाच पद्धतीने टिपले. माणसे त्यांच्याही चित्रांत नाहीत, हा आक्षेप रास्तच. परंतु नामशेष होत चाललेल्या उद्योगाची ती शिस्तबद्ध नोंद होती. चित्रासोबत वस्तूचा प्रकार, ठिकाण आणि साल दिलेले असे. गिरणगावच्या चित्राखालीही गिरणीचे नाव, खाते, ते बंद पडल्याचे साल आणि तेथे चालणाऱ्या पाळ्या, इतके लिहिण्यास फार जागा लागत नाही. ही माहिती सांगू शकणारे साचेवाले आता साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत.