पाण्यात गोंद टिकत नाही, मग शिंपले खडकाला कसे चिकटून राहतात?

बोटाला लावलेली बँडेजची पट्टी आंघोळीनंतर सुटते. गळक्या पाइपवर लावलेली चिकटपट्टी तासाभरात निघून येते. आणि समुद्रातला शिंपला मात्र लाटांचे तडाखे खात खडकाला घट्ट धरून असतो. त्याच्याकडे असं काय आहे, जे आपल्या गोंदाकडे नाही?

आधी पाण्याचा दोष समजून घेऊ

कुठलाही गोंद चिकटायचा तर त्याचे रेणू पृष्ठभागाच्या अगदी जवळ जायला हवेत. पण दगड, काच, धातू यांना पाणी फार आवडतं. ओल्या दगडावर पाण्याच्या रेणूंचा पातळ थर आधीच जागा अडवून बसलेला असतो. गोंद त्या थरावर चिकटतो, दगडावर नाही. गर्दीच्या लोकलमध्ये उशिरा पोहोचलेल्या प्रवाशासारखी त्याची गत होते.

त्यात प्रत्येक गोंदाची वेगळी अडचण. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदातलं पाणी उडून गेल्यावर तो घट्ट होतो, म्हणजे पाण्याखाली त्याला वाळायला वावच नाही. फेविक्विकसारखा सुपरग्लू उलट ओलाव्यानेच घट्ट होतो. पण पाणी जास्त असलं की नीट पसरण्याआधीच त्याचा कडक गोळा होतो.

म्हणून खरा प्रश्न ‘किती चिकट?’ हा नाहीच. ‘मधलं पाणी हटवायचं कसं?’ हा आहे.

शिंपल्याचा पाय

इथे ज्या शिंपल्याबद्दल बोलतोय त्याला इंग्रजीत ‘मसल’ म्हणतात (स्नायूवाला मसल नव्हे!). गोव्यात शिनाणे खाणाऱ्यांना तो ओळखीचा असेल. साफ करताना शिंपल्यातून बाहेर आलेले राठ, दाढीसारखे धागे उपटावे लागतात, आठवतंय? त्याच धाग्यांनी हा प्राणी खडकाला बांधलेला असतो.

धागा बनवायची पद्धत भन्नाट आहे. शिंपला जिभेसारखा दिसणारा ‘पाय’ बाहेर काढतो, खडक चाचपतो आणि पायाचं टोक तिथे दाबून धरतो. त्या टोकाखाली एक छोटीशी बंद खोली तयार होते. तिथे तो आम्लधर्मी द्रव आणि प्रथिनं सोडतो. पायाला लांब खाच असते. तिच्यात धागा साच्यात ओतल्यासारखा तयार होतो. काही मिनिटांत पाय उचलला जातो आणि मागे उरतो एक धागा, टोकाला चिकट चकती असलेला. असे डझनावारी धागे टाकून शिंपला स्वतःला सगळीकडून नांगरून घेतो.

१९८१ मध्ये हर्बर्ट वेट आणि मार्व्हिन टॅन्झर या शास्त्रज्ञांनी अटलांटिकमधल्या निळ्या शिंपल्याच्या या प्रथिनात ‘डोपा’ नावाचा घटक मोठ्या प्रमाणात असल्याचं दाखवलं. हो, पार्किन्सन्सच्या रुग्णांना लेव्होडोपा म्हणून देतात, तोच. डोपाच्या कडेला दोन पकडी अगदी शेजारीशेजारी असतात. दोन्ही एकदम दगडाला धरतात, त्यामुळे पाण्याचा सुटा रेणू त्यांना सहज ढकलू शकत नाही.

पण नुसता डोपा पुरत नाही. समुद्रातल्या दगडावर क्षारांचे आयनही बसलेले असतात, भोवती पाणी गुंडाळून. २०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरातल्या संशोधकांनी (वेट त्यांत होतेच) दाखवलं की डोपासारख्या घटकाशेजारी लायसिन हे धनभारित अमिनो आम्ल असेल, तर ते या आयनांना हुसकावून लावतं. लायसिन जागा मोकळी करतं, डोपा ती पकडतो. मला या सगळ्या गोष्टीतला हाच भाग सर्वात आवडतो.

आता ती आम्लाची खोली कशाला, तेही कळेल. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं, त्यात ऑक्सिजनही असतो. उघड्यावर डोपाचं लगेच ऑक्सिडेशन होतं आणि दगड धरण्याची त्याची ताकद घटते. आम्लामुळे ही क्रिया लांबते. शिवाय डोपाला जपणारं आणखी एक प्रथिन सोबत असतंच. आधी पकड, मग कडकपणा, असा क्रम शिंपला पाळतो. प्रयोगशाळेत हा क्रम जमवणं अवघड जातं.

आपल्याला काय उपयोग?

शिंपल्यांतून गोंद काढणं परवडणारं नाही. एक ग्रॅम प्रथिनासाठी सुमारे १०,००० शिंपले लागतात. म्हणून नक्कल करावी लागते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठाचे काइचांग ली यांनी शिंपल्यावरून कल्पना घेऊन सोयाबीनच्या प्रथिनाचा प्लायवूडसाठीचा गोंद बनवला. नेहमीच्या प्लायवूडच्या गोंदात कर्करोगकारक फॉर्मल्डिहाइड असतं, यात ते लागत नाही.

पण खरी गरज आहे ऑपरेशन थिएटरमध्ये. शरीराच्या आतला प्रत्येक अवयव ओला असतो. यकृताला जखम झाली आणि रक्त वाहत असेल, तर टाके घालायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ रुग्णाकडे नसतो.

इथे वाट दाखवली दुसऱ्याच प्राण्याने, बार्नॅकलने. होड्यांच्या बुडाला चिकटणारे खरखरीत कवचवाले जीव ते हेच. बार्नॅकल आधी तेलकट पदार्थ सोडून पृष्ठभाग साफ करतो, मग प्रथिनांचा गोंद लावतो. २०२१ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी याच धर्तीवर एक पेस्ट बनवली. सिलिकॉन तेलात चिकट सूक्ष्मकण. पेस्ट जखमेवर दाबली की तेल रक्ताला बाजूला सारतं आणि कण थेट पेशीजालाला चिकटतात. उंदीर आणि डुकरांवरच्या प्रयोगांत सुमारे १५ सेकंदांत रक्तस्राव थांबला. रक्त गोठायची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांसाठीही ही कल्पना महत्त्वाची ठरते.

आणि सर्जनला ती जखम पुन्हा उघडावी लागली तर? त्यासाठी वेगळं द्रावण आहे. ते टाकलं की हा गोंद विरघळतो.