एकटी, पण एकलकोंडी नाही!

“कुठलं गाव तुझं?”

“जळगाव.”

“अरे वा! म्हणजे केळीवाले तुम्ही!”

“नाही हो. ते खान्देशातलं जळगाव. आमचं बुलडाणा जिल्ह्यातलं. जळगाव जामोद!”

दोस्तांनो, आमच्या गावातल्या पोरांना हा संवाद अगदी तोंडपाठ असतो. पुण्या-मुंबईला पाहुणे म्हणून गेलो की एकदा तरी तो म्हणावाच लागतो. एका वर्षी तर गंमतच झाली. माझी मावसबहीण पाकिटावर ‘जामोद’ लिहायला विसरली. तिची राखी दुसऱ्या जळगावात फिरून आली आणि पोळ्याच्या दिवशी माझ्या हातात पडली! बैलांच्या शिंगांना बेगड लागली, त्याच दिवशी माझ्या मनगटाला राखी.

तेव्हा मला राग आला होता. वाटलं, आपल्या गावाला स्वतःचं पुरतं नावसुद्धा असू नये? शेजारच्या जामोद गावाचं नाव उसनं घेऊन आपली ओळख सांगावी लागते! पण पुढे त्याच जामोदच्या परिसरातली एक गोष्ट कळली आणि मी ते नाव मोठ्या ऐटीत सांगू लागलो. तीच आज तुम्हाला सांगतो.

जमीन बदलली की बोली बदलते

आधी आमचा मुलूख डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला सातपुड्याची रांग. तिच्या पलीकडे मध्य प्रदेश. दक्षिणेला सपाट काळी जमीन, कपाशीची आणि तुरीची शेतं आणि पुढे पूर्णा नदी. ही पूर्णा पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते.

सपाटीवर कान देऊन ऐका. ‘का’ म्हणायचं तर ‘काहून’, ‘मला’ म्हणायचं तर ‘मले’. जुन्या माणसांच्या तोंडी ‘डोळा’चा ‘डोया’ होतो आणि ‘जळगाव’चं ‘जयगाव’. ही आमची वऱ्हाडी. पण उत्तरेकडे, डोंगराच्या पायथ्याला गेलात की आणखी वेगळे शब्द कानावर पडतात. तिथे कोरकू लोक राहतात, भिलाला राहतात. आणि जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा गावांत निहाल लोक राहतात.

या निहालांची भाषा म्हणजे निहाली. आमच्या गोष्टीची नायिका हीच!

जिला भावंडं नाहीत अशी भाषा

माणसांची असतात तशी भाषांचीही घराणी असतात. मराठी, कोंकणी, गुजराती, हिंदी, बंगाली ही भावंडं. फारसी आणि इंग्रजी ही त्यांची लांबची चुलत भावंडं. तमिळ, तेलुगू, कन्नड, गोंडी यांचं घराणं निराळं, ते द्राविडी. आमच्या सातपुड्यातली कोरकू ही मुंडा घराण्यातली. तिच्या बहिणी संथाली आणि मुंडारी इथून शेकडो मैल दूर, झारखंडाकडे नांदतात.

मग निहालीचं घराणं कोणतं?

अभ्यासकांना हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ छळतो आहे. ग्रिअर्सनसाहेबांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा एक खंड १९०६ साली निघाला. त्यात तिला कोरकूच्या घरात बसवलं होतं. पुढे १९६२ साली एफ. बी. जे. कायपर या डच पंडितांनी निहालीवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं, की एक तृतीयांशाहून अधिक शब्द कोरकूशी जुळतात, काही द्राविडी भाषांशी जुळतात, काही मराठी-हिंदीचे आहेत. पण जवळजवळ एक चतुर्थांश शब्द असे उरतात, की ते कुणाशीच जुळत नाहीत! आशा मुंडले यांनी जमवलेला निहालीचा शब्दसंग्रह १९९६ साली प्रसिद्ध झाला. २०१४ साली म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने के. एस. नागराज यांचं निहालीवरचं पुस्तक काढलं. तरीही तिचं घराणं काही सापडलेलं नाही. म्हणून अभ्यासक तिला एकटी भाषा मानतात.

आता तिचे थोडे शब्द चाखून पाहा. पाणी म्हणजे ‘जोप्पो’. विस्तव म्हणजे ‘आपो’. डोळा म्हणजे ‘जिकी’ आणि नाक म्हणजे ‘चोन’. आणि सगळ्यांत मजेदार म्हणजे, ‘मी’ला निहालीत म्हणतात ‘जो’ आणि ‘तू’ला म्हणतात ‘ने’!

आकडे तर बघाच. एक म्हणजे ‘बिदुम’. हा शब्द तिचा स्वतःचा. दोन म्हणजे ‘इरार’ आणि चार म्हणजे ‘नालो’. वर्गात कुणी तमिळ किंवा तेलुगू बोलणारा मित्र असेल तर त्याला विचारा, हे आकडे त्याला ओळखीचे वाटतात का. पाचापासून पुढे मात्र आपल्यासारखेच आकडे. म्हणजे नुसतं एक ते पाच मोजलं तरी केवढा प्रवास होतो!

डोंगराने राखलं, बाजाराने शिकवलं

इतक्या मोठ्या भाषांच्या मधोमध ही चिमुकली भाषा टिकली कशी? तिचे बोलणारे मोजून दोन-अडीच हजारांच्या घरात. एखाद्या मोठ्या शाळेत मावतील एवढेच!

याचं थोडं उत्तर जगाच्या नकाशात मिळतं. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर पिरेनीज पर्वत आहे. त्याच्या कुशीत बास्क भाषा राहते. तिलाही भावंडं नाहीत. काश्मीरच्या पार उत्तरेला, काराकोरमच्या डोंगरांत हुंझाच्या खोऱ्यात बुरुशास्की बोलतात. तीही एकटीच. आणि आपल्या सातपुड्यात निहाली! डोंगरातल्या वाटा अवघड, वस्त्या लहान. तिथे जुन्या गोष्टी जास्त दिवस टिकतात. आपण कुठे राहतो, यावर आपण कोण होतो हे बरंचसं ठरतं, ते असं.

पण थांबा! म्हणजे निहाल लोक कुणाशी न बोलता डोंगरात लपून बसले, असं समजू नका. तसं असतं तर कोरकूचे, मराठीचे शब्द त्यांच्या भाषेत शिरलेच नसते. ते शेतावर कामाला येतात, बाजाराला येतात. निहाल माणूस कोरकूशी कोरकूत बोलतो, दुकानदाराशी मराठीत किंवा हिंदीत बोलतो आणि घरी जाऊन निहालीत बोलतो. आपण शाळेत इंग्रजीच्या तासाला घाम गाळतो आणि तिथली माणसं शाळेत न जाताही तीन-चार भाषा बोलतात!

म्हणून मी म्हणतो, निहाली एकटी आहे, पण एकलकोंडी नाही.

एकांत आणि एकटेपण

आता जरा तुमच्याकडे वळू. तुमच्या वर्गात एखादा तरी मुलगा किंवा मुलगी अशी असेलच. मधल्या सुट्टीत सगळे लंगडी खेळत असतात आणि ही कडुनिंबाखाली पुस्तक घेऊन बसलेली. कदाचित ती तुम्हीच असाल! मग घरी पाहुणे आले की कुणीतरी म्हणतंच, “फारच बाई एकलकोंडी तुमची पोर!”

मीही तसाच होतो. संध्याकाळी गच्चीवर जाऊन सातपुड्याकडे बघत बसायचो. उन्हाळ्यात डोंगर धुरकट दिसायचा आणि पहिल्या पावसानंतर एकदम जवळ आल्यासारखा वाटायचा. मला त्यात काही कमी वाटत नव्हतं. उलट खाली येऊन मित्रांना सांगायला काहीतरी असायचं.

तुकाराम महाराज देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर एकटे जाऊन बसत, हे तुम्ही वाचलं असेल. पण ते गावात परतही येत आणि कीर्तनाला उभे राहत. आपल्या आवडीने एकटं बसणं, हा झाला एकांत. त्यात परतीची वाट मोकळी असते.

एकटेपण निराळं. ते दुसरे आपल्यावर लादतात. समजा, डोंगरातल्या वस्तीवरचा एक मुलगा पहिल्यांदा शाळेत आला. त्याला तहान लागली. तो म्हणाला, “जोप्पो.” आणि सगळा वर्ग हसला! काय होईल? तो दुसऱ्या दिवशी ‘पाणी’ म्हणायला शिकेल. ते चांगलंच आहे. पण ‘जोप्पो’ म्हणायची त्याला लाज वाटू लागेल. मोठा झाल्यावर तो आपल्या मुलांना तो शब्द सांगणारच नाही. भाषा अशी मरते, दोस्तांनो. तिला कुणी तलवारीने मारत नाही. घरातलं लहान मूल ती बोलेनासं झालं की ती संपते. जगातल्या धोक्यात आलेल्या भाषांच्या यादीत निहालीचं नाव आज आहे, ते याच भीतीमुळे.

जनगणनेच्या तक्त्यांत दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात त्या भाषांची नावं वेगळी दाखवत नाहीत. ती सगळी ‘इतर’मध्ये जातात. निहालीही त्यातच. आपलं नाव ‘इतर’ असं लिहिलेलं तुम्हाला चालेल का? मला तर नुसतं ‘जामोद’ गाळलेलं चाललं नव्हतं!

मात्र निराश व्हायचं कारण नाही. स्पेनमध्ये १९३९ ते १९७५ या काळात हुकूमशहा फ्रँकोचं राज्य होतं आणि बास्क भाषेची गळचेपी झाली. तरी १९६०च्या सुमारास पालकांनी आपापल्या भागांत बास्क शाळा उभ्या केल्या. आज सात लाखांहून अधिक लोक ती बोलतात. आपल्या राज्यघटनेतही १९५६ साली ३५० (क) हे कलम आलं. भाषेने अल्पसंख्य असलेल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असं ते सांगतं. नियम आहे, आता हवी माणसांची साथ.

वही काढा, कामाला लागा!

१. घरात, गल्लीत, आजोळी जे शब्द पुस्तकात सापडत नाहीत, ते वहीत लिहा. आजीला विचारा. भांड्यांची, शेतातल्या अवजारांची, पाखरांची नावं आधी घ्या. प्रत्येक शब्दापुढे तो कुणी, कुठे सांगितला तेही लिहा.

२. वर्गात दुसरी भाषा बोलणारा मित्र असेल तर त्याच्याकडून ‘पाणी’, ‘घर’, ‘आई’ हे तीन शब्द शिका. आणि त्याला पाणी हवं असेल तेव्हा त्याच्याच शब्दाने विचारा.

३. एखाद्याला एकटं बसलेलं पाहिलं तर चिडवू नका. जवळ जाऊन एवढंच विचारा, “येतोस का खेळायला?” तो “नको” म्हणाला तर त्याला बसू द्या. उद्या पुन्हा विचारा.

आणि आईबाबांना एक विनंती. मूल एकटं रमत असेल तर लगेच काळजी करू नका. ते आनंदात आहे ना आणि मनात येईल तेव्हा चार जणांत मिसळू शकतं ना, एवढं बघा. पण शाळेतून आल्यावर ते घरची बोली बोलायला लाजू लागलं, तर मात्र जवळ घेऊन बोला. आपण स्वतः पाहुण्यांपुढे ‘मले’चं ‘मला’ घाईघाईने करतो का, तेही जरा आठवून पाहा.

आता मला कुणी गाव विचारलं की मी सांगतो, “जळगाव जामोद.” समोरचा विचारतो, “हे जामोद काय आहे?” मग मी म्हणतो, “बसा, सांगतो. आधी थोडं जोप्पो घ्या!”