नाताळचा लाल रंग काळोखात चढतो

पॉइन्सेटियाचं लालभडक फूल हे फूल नसतंच. ती रंगलेली पानं. खरी फुलं मधल्या पिवळसर, मण्याएवढ्या गोळ्यांत दडलेली.

रंग चढवायला नर्सरीवाल्याला हवा असतो अंधार. एरंडाच्या कुळातलं, मूळ मेक्सिकोचं हे झुडूप रात्रीची लांबी ओळखतं. आठ-दहा आठवडे रोज सुमारे 14 तास सलग काळोख मिळाला, की ते हमखास रंगतं. रोज मध्यरात्री दिवे लागत राहिले, तर केलं-सवरलं पाण्यात! म्हणून हरितगृहांत संध्याकाळी काळे पडदे ओढतात.

कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटासच्या एक्की कुटुंबाने या धंद्यावर अनेक दशकं राज्य केलं. त्यांची रोपं गुटगुटीत, फांद्यांनी भरलेली. इतरांची उंच, किडकिडीत. गुपित कलमात होतं. 1990च्या दशकात ते फुटलं, आणि कलमातून काय उतरतं तेही शास्त्रज्ञांनी शोधलं: फायटोप्लाझ्मा, एक प्रकारचा जिवाणू. थोडक्यात, दुकानातलं ते देखणं रोप चक्क ‘आजारी’ असतं, आणि गिऱ्हाईक त्यासाठीच पैसे मोजतं.

घरच्या कुंडीतलं रोप हिवाळ्यातही हिरवंच राहत असेल, तर खताआधी रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहा. ऑक्टोबरपासून कुंडी त्या उजेडापासून दूर हलवा.